लिंबाला हिवाळ्यात घर लागतं

१३ सप्टेंबर १७८६. पहाटेचे तीन. उत्तर इटलीतल्या तोर्बोले नावाच्या गावातून जर्मन कवी गटे दोन नावाड्यांना घेऊन होडीत बसला. वय सदतीस, जर्मनीत मोठं नाव, दरबारात मोठी नोकरी, आणि हे सगळं मागे टाकून कोणालाही धड न सांगता तो खोट्या नावाने इटलीला निघाला होता. आल्प्सची ब्रेनर खिंड ओलांडून चार-पाचच दिवस झाले होते. समोर गार्डा सरोवर होतं.

सरोवराच्या पश्चिम काठाला लिमोने नावाचं गाव लागतं. होडीतून जाताना त्याला डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या बागा दिसल्या. त्या बागांत पांढरे चौकोनी खांब रांगेत उभे होते आणि खांबांवर आडवे वासे टाकलेले होते. छप्पर नव्हतं, भिंती तीनच बाजूंना. ही लिंबाची बाग आहे आणि हिवाळ्यात हे वासे झाकले जातात, हे त्याने वहीत नोंदवून ठेवलं.

पुढे वारा फिरला आणि होडीला समोरच्या काठावरच्या मालचेसिनेत थांबावं लागलं. तिथला पडका किल्ला तो कागदावर काढायला बसला, तर गर्दी जमली. हा ऑस्ट्रियाचा हेर असणार, असं लोकांनी ठरवलं, एकाने चित्र फाडलं. शेवटी फ्रँकफर्टमध्ये काम करून आलेला एक गावकरी निघाला. गटे मूळचा फ्रँकफर्टचा. गावाकडच्या ओळखीपाळखी निघाल्या आणि सुटका झाली. आपल्याकडे एसटी स्टँडवर जे होतं, तेच.

हेराची गोष्ट सगळे सांगतात. मला अडकवलं ते खांबांनी. गटेने इटलीची ओढ व्यक्त करणारं एक गाणं आधीच लिहिलं होतं, आणि त्यात लिंबाचं झाड हे दक्षिणेच्या उबेचं चिन्ह आहे. प्रत्यक्षात आल्प्सच्या पायथ्याशी त्याला जी लिंबं दिसली ती उबेने आपोआप वाढलेली नव्हती. दगड, लाकूड, काच आणि दरवर्षी राबणारे मजुरांचे हात असं सगळं मिळून एक यंत्र उभं केलं होतं, त्या यंत्रात ती वाढत होती. गटे सप्टेंबरात गेला, म्हणून त्याला यंत्राचा फक्त सांगाडा दिसला.

हे लिमोने साधारण ४५.८ अक्षांशावर आहे. श्रीनगर ३४ वर. म्हणजे भारतातल्या कुठल्याही गावापेक्षा हे कितीतरी उत्तरेला. (गावाचं नाव लिंबावरून पडलं असं वाटतं, पण ते सीमा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं असावं, असं मानतात. लिंबं नंतर आली आणि नावाला चिकटली.)

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर घोळ होईल. आपण ज्याला लिंबू म्हणतो, सरबतातलं, मिरचीबरोबर दारावर टांगायचं, ते कागदी लिंबू. युरोपातलं लिंबू म्हणजे लेमन. मोठं, लांबट, जाड सालीचं, टोकाला बोंड असलेलं. दोन्ही एकाच गोतावळ्यातले, पण भाऊ नाहीत, चुलतभाऊ म्हणा. लिंबवर्गीय झाडांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार लेमन हा आंबट नारिंग आणि महाळुंग यांचा संकर आहे. महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते फळ. आणि या सगळ्या गोतावळ्याचं मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनानच्या पट्ट्यात. तिथून फळं आणि त्यांची नावं एकत्रच पश्चिमेला चालत गेली. नारंग हा शब्द फारसी-अरबीतून युरोपात जाऊन ऑरेंज झाला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं.

तर हिमालयाच्या दमट पायथ्याचं हे झाड. त्याला थंडीचं एवढं वावडं का?

सफरचंदाचं झाड हिवाळ्यात पानं गाळतं, रस आवरतं आणि झोपतं. लिंबाला अशी गाढ झोप येतच नाही. ते सदाहरित आहे, साधारण १३ अंशांखाली त्याची वाढ थांबते, पण पानं अंगावरच असतात. वर्षातून अनेकदा फुलत असल्यामुळे एकाच फांदीवर कळी, हिरवं फळ आणि पिवळं फळ दिसतं. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत कित्येक महिने जातात, म्हणजे थंड प्रदेशात काहीही केलं तरी पीक झाडावर असतानाच हिवाळा येणार. शून्याखाली दोन-तीन अंश गेलं की फळ आणि कोवळी फूट जाते, आणखी थोडं खाली गेलं की फांद्या, मग झाड. त्यात आणखी एक खोच आहे. थंडीतल्या निरभ्र दुपारी काचेमागे पानांवर ऊन पडतं, पानं पाणी मागतात, आणि मुळं गार मातीत बधिर असतात. वरून मागणी, खालून पुरवठा बंद. मग झाड पटापट पानं टाकून देतं. थंड देशात घरातल्या खिडकीत लिंबू ठेवणाऱ्या लोकांचं झाड जानेवारीत अचानक बोडकं होतं ते बहुतेक वेळा यामुळे, आणि लोक घाबरून आणखी पाणी घालतात.

पण थंडी ही निव्वळ शत्रूही नाही. लिंबवर्गीय झाडाला फुलायला काहीतरी धक्का लागतो, एकतर गारवा किंवा पाण्याचा तुटवडा. आमच्या विदर्भात संत्र्याचा आंबिया बहार येतो तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीच्या जोरावर. आणि मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पावसाबरोबर ते फुलतं. गार्डाच्या माळ्यांना ताण द्यावा लागला नाही. तो आल्प्स फुकटात देत होता. त्यांचं काम एवढंच होतं की धक्का बसावा, पण झाड मरू नये.

गार्डाकाठी लिंबवर्गीय झाडं तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी आणली, अशी परंपरागत समजूत आहे. गार्न्यानो गावातल्या त्यांच्या मठात खांबांवर ही फळं कोरलेली आहेत. जागा त्यांनी चांगली हेरली होती. सरोवर सुमारे ३७० चौरस किलोमीटरचं आणि सर्वात खोल जागी ३४६ मीटर. एवढं पाणी उन्हाळाभर ऊब साठवतं आणि हिवाळाभर हळूहळू सोडतं. मागे उंच कडे, ते उत्तरेचा वारा अडवतात. दगडी भिंत दिवसा तापते, रात्री ऊब परत देते. पण हे सगळं मिळूनही दोन-चार अंश कमीच पडतात. लिमोनाइया म्हणजे हे उरलेले दोन-चार अंश मिळवायची इमारत.

तिची रचना अशी. डोंगर कापून पायऱ्या काढायच्या, पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती, सरोवराकडची बाजू उघडी. पायरीवर ठरावीक अंतराने दगडी खांब, वर वासे. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी दगडी पाटांनी प्रत्येक पायरीवर. बाजूला एक उंच अरुंद खोली, तिला कासेल म्हणतात. त्यात उन्हाळ्यात फळ्या, काचेच्या चौकटी आणि अवजारं ठेवायची.

नोव्हेंबर आला की माणसं वाशांवर चढायची. खाली दगडी पायऱ्या, त्याखाली पाणी, आणि ही माणसं अरुंद वाशांवरून फळ्या घेऊन चालायची. छपरावर फळ्या, समोरच्या बाजूला आलटून पालटून फळ्या आणि काचा, फटींत गवत कोंबायचं. मार्चमध्ये हे सगळं उतरवून पुन्हा कासेलमध्ये. एकही खिळा कायमचा नाही. मधल्या काळात रोज उघडझाप: ऊन आलं की उघडा, कारण आत हवा कोंदली की बुरशी. वारा फिरला की बंद करा.

आणि रात्रपाळी. कडाक्याच्या रात्री आत पाण्याचं भांडं ठेवत, असं सांगतात. भांड्यातल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ दिसला की शेकोट्या पेटवायच्या. मी सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो, रात्री-अपरात्री फोन वाजतो तेव्हा मला हे भांडं आठवतं. शून्य अंश दाखवायला पाण्याहून स्वस्त आणि अचूक साधन नाही. बॅटरी नाही, कॅलिब्रेशन नाही. फक्त कोणीतरी जागं राहून बघायला हवं.

ते जागं राहणारं माणूस बागेचा मालक नसे, हे सांगायला नको.

हीच युक्ती फ्रान्सच्या राजानेही वापरली, पण वेगळ्या कामासाठी. व्हर्सायमधली नारिंगांची इमारत १६८४ ते १६८६ मध्ये बांधली. दक्षिणेकडे तोंड, जाडजूड भिंती, दुहेरी काचा, दीडशे मीटरच्या आसपास लांबीचं मुख्य दालन. हिवाळ्यात आत शेकोटीशिवाय पाच ते आठ अंश राहतात. हजारावर झाडं लाकडी पेट्यांत, मे महिन्यात बाहेर, ऑक्टोबरात आत. पाहुण्यांना राजाची ताकद कळावी, यासाठी ती होती. न्यूरेंबर्गचा फोल्कामर नावाचा व्यापारी तर कुंड्यांतल्या लिंबांच्या नादाने एवढा झपाटला की त्याने १७०८ पासून त्यांवर दोन मोठे सचित्र ग्रंथ काढले. चित्रांत खाली एखाद्या बागेचा देखावा आणि वर आकाशात भलंमोठं लिंबू तरंगतंय. बघायला मजा येते. पण हा सगळा श्रीमंतांचा छंद. त्यात तोटा झाला तर झाला.

गार्डाचं तसं नव्हतं. तिथे लिंबू हा धंदा होता, आणि धंद्याला हिशेब लागतो.

हिशेब बघा. एवढे दगड, एवढं लाकूड, काच (ती तेव्हा महाग होती), एवढी मजुरी. सिसिलीत तेच लिंबू उघड्यावर वाढत होतं, छपराचा खर्च शून्य. मग गार्डाची महाग लिंबं कोण घेत होतं? उत्तरेकडचे लोक घेत होते. जर्मनी, पोलंड, पुढे रशियापर्यंत. कारण सिसिलीतून निघालेलं लिंबू जहाजाने, मग गाडीने, मग खेचराने आल्प्स चढेपर्यंत नासायचं. गार्डा आल्प्सच्या दारातच. फळ होडीने सरोवराच्या वरच्या टोकाला आणि तिथून खिंडीतून पलीकडे. त्यात अठराव्या शतकात स्कर्व्ही या रोगावर लिंबाचा रस चालतो हे जेम्स लिंडने १७४७ मध्ये जहाजावर प्रयोग करून दाखवलं, आणि १७९५ पासून ब्रिटिश आरमाराने तो खलाशांना द्यायला सुरुवात केली. लिंबाला औषधाची किंमत आली. १८४० मध्ये गार्न्यानोच्या बागाईतदारांनी एकत्र येऊन सोसायटी काढली, फळाची प्रतवारी आणि विक्री एकत्र करण्यासाठी. सहकाराची गोडी आपल्याला नंतर लागली, यांना आधीच लागली होती.

म्हणजे या लोकांनी भिंती थंडीसाठी बांधल्या, पण पैसा त्यांना अंतरातून मिळत होता. ते विकत होते ती जवळीक. हे मला फार उशिरा, सगळ्या तारखा एका ओळीत लावल्यावर दिसलं.

आणि मग त्या तारखा.

१८५० च्या दशकात गार्डाच्या बागांत झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळायला लागला. साल जमिनीलगत कुजायची, तडकायची, चिकट पिवळसर डिंक ओघळायचा. पानं पिवळी पडायची आणि एका-दोन वर्षांत झाड वाळायचं. अझोर बेटांवर १८३० च्या दशकात हे सुरू झालं होतं, तिथून भूमध्य समुद्राभोवती पसरत आलं. इटालियनमध्ये याला डिंकाचा आजार म्हणतात.

हे वाचताना मी थबकलो, कारण हा शब्द मी घरात ऐकतच वाढलो. डिंक्या. वरूडजवळ आमच्या आजोबांची संत्र्याची बाग होती. डिंक्या दिसला की आजोबा विळ्याने कुजलेली साल खरवडायचे आणि मोरचूद, कळीचा चुना आणि पाणी कालवून केलेला निळा मलम बुंध्याला फासायचे. एक किलो, एक किलो, दहा लिटर. लहानपणी माझ्या लेखी संत्र्याच्या झाडाचा बुंधा निळाच असायचा. त्या मलमाला बोर्डो का म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यांतून १८८० च्या दशकात आलेलं मिश्रण ते.

रोग तोच आहे. कारण फायटोफ्थोरा नावाचा सूक्ष्मजीव. १८४५ मध्ये आयर्लंडचे बटाटे कुजवून दुष्काळ पाडणारा याच कुळातला. तो ओल्या मातीत पोहत पसरतो, बुंध्याला पाणी लागलं की सालीत शिरतो. म्हणून विदर्भात झाडाभोवती दुहेरी आळं करायला सांगतात, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहील आणि बुंधा कोरडा. म्हणून कलम उंचावर बांधायला सांगतात. आणि म्हणूनच संत्रं कुठल्या खुंटावर बांधलंय, जंबेरीवर की रंगपूर लाइमवर, याची चर्चा आमच्याकडे लग्नातल्या पंगतीत चालते. गार्डाच्या माळ्यांना १८५० मध्ये यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फायटोफ्थोराचा आणि डिंक्याचा संबंध विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅलिफोर्नियात सिद्ध झाला. पण आंबट नारिंगाचा खुंट टिकतो, हे लोकांना अनुभवाने आधीच कळलं होतं. त्या खुंटावर लिंबाचं कलम बांधून बागा पुन्हा लावल्या गेल्या. झाड फळाला यायला काही वर्षं लागतात.

आणि नेमक्या त्याच काही वर्षांत जग बदललं. १८६१ मध्ये इटली एक देश झाला, आणि सिसिलीचं लिंबू आता परक्या राज्याचं राहिलं नाही. १८६७ च्या ऑगस्टमध्ये ब्रेनर खिंडीतून रेल्वे सुरू झाली. ज्या खिंडीतून गटे घोडागाडीत बसून आला होता, त्याच खिंडीतून आता सिसिलीचं लिंबू काही दिवसांत म्युनिकला पोचू लागलं. गार्डाची बाग नव्याने फळाला आली तेव्हा तिचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलेलं होतं.

थंडीशी त्या भिंती शेकडो वर्षं लढल्या. रेल्वेशी लढायला त्या बांधलेल्याच नव्हत्या.

तरीही लोकांनी लगेच हात टेकले नाहीत. १९१२ च्या सप्टेंबरात इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्स फ्रीडाबरोबर गार्न्यानोला राहायला आला. 'सन्स अँड लव्हर्स' ही कादंबरी त्याने तिथेच संपवली. 'ट्वायलाइट इन इटली' या १९१६ च्या पुस्तकात त्याने या लिंबघरांवर एक प्रकरण लिहिलं आहे. नोव्हेंबरात फळ्या बसवण्याची आदळआपट, आतला काळोख, आणि घरमालक कशी सिसिलीच्या फळाच्या नावाने कुरकुर करतो ते. तोवर बऱ्याच बागांची छपरं कायमची गेली होती, नुसते खांब उभे होते. लॉरेन्सला त्यांत जुन्या जगाचा सूर्यास्त दिसला. तो लेखक होता, त्याला सूर्यास्त दिसणारच. मला त्या प्रकरणात घरमालकाच्या कुरकुरीत जास्त रस वाटतो. तो माणूस दर वर्षी फळ्या चढवत होता, म्हणजे त्याच्या मनात अजून हिशेब चालू होता.

पुढचं भराभर झालं. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रियाची सीमा सरोवराच्या उत्तर टोकाशीच होती. बागांचं छपराचं सामान लष्कराने ताब्यात घेतलं, माणसं पांगली. १९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स करी या रसायनशास्त्रज्ञाने साखरेच्या पाण्यात एक काळी बुरशी वाढवून सायट्रिक ॲसिड काढून दाखवलं. तोवर जगाचं सायट्रिक ॲसिड मुख्यतः इटलीच्या लिंबांतून यायचं. १९१९ मध्ये फायझरने ते कारखान्यात बनवायला घेतलं. त्यामुळे खायला न चालणाऱ्या दुय्यम फळालाही जो भाव मिळायचा, तो गेला. आज तुमच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर जे सायट्रिक ॲसिड लिहिलेलं असतं, ते जवळपास नक्कीच त्या बुरशीचं.

मग आला १९२८-२९ चा हिवाळा, युरोपभर भयंकर. उरल्यासुरल्या झाडांतली बहुतेक त्यात गेली.

म्हणून पर्यटकांना सांगताना गोष्ट सोपी होते: थंडी पडली आणि लिंबं मेली. १९२९ च्या थंडीने मारलं हे खरंच आहे. पण त्याआधीही झाडं थंडीने जळाली होती आणि प्रत्येक वेळी लोकांनी ती पुन्हा लावली होती. १९२९ नंतर लावली नाहीत. कारण लावून उपयोग नव्हता, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आमच्या घरातही असंच आहे. बाग कशाने गेली विचारलं की काका सांगतात, डिंक्याने. डिंक्या होताच. पण बोअर दरवर्षी खोल जात होती, आमचा तालुका भूजल उपशाच्या यादीत वर होता, संत्र्याला व्यापारी जो भाव देत होता त्यात मलमाचा आणि मजुरीचा खर्च निघत नव्हता, आणि दोन्ही मुलं नोकरीला लागली होती. त्याच झाडांना आजोबांनी त्याआधी तीस वर्षं डिंक्यातून बाहेर काढलं होतं. शेवटच्या खेपेला मलम फासायचंच नाही असं ठरलं, आणि तो निर्णय कोणी एका बैठकीत घेतला नाही. आता तिथे सोयाबीन आहे. डिंक्याचं नाव घेतलं की कोणाकडेच बोट जात नाही, म्हणून बहुधा ते नाव घेतलं जातं. लिमोनेचे लोक १९२९ च्या थंडीचं नाव घेतात तेव्हा मला काकांचा आवाज ऐकू येतो.

थंडीत लिंबू पिकवायची गोष्ट मात्र गार्डाबरोबर संपली नाही. ती गरिबांच्या घरात शिरली.

रशियात निझनी नोवगोरोदच्या जवळ, ओका नदीवर पावलोवो नावाचं गाव आहे. अक्षांश ५६, हिवाळा उणे वीस-तीसपर्यंत जाणारा. गाव कुलपं आणि चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांचं. १८६० च्या दशकात एका व्यापाऱ्याने तुर्कस्तानातून लिंबाची रोपं आणली, अशी तिथली गोष्ट आहे. घराघरांत फाट्यांवरून रोपं तयार करून वाटली गेली आणि खिडकीच्या कट्ट्यावर लिंबं वाढायला लागली. एकाने दुसऱ्याला फांदी दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला. पिढ्या गेल्या तशी खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात, चुलीच्या कोरड्या हवेत तग धरणारी झाडंच मागे राहिली. आज पावलोवोचं लिंबू ही एक जात म्हणून ओळखली जाते आणि गावात लिंबाच्या झाडाचं स्मारक आहे. इथे वेगळी इमारत नाही की वेगळं भांडवल नाही. चूल तशीही पेटलेलीच असायची. लिंबाच्या उबेचा खर्च घराच्या हिशेबातच मुरलेला, म्हणून तो कधी परवडेनासा झाला नाही.

सोव्हिएत काळात सरकारने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. परदेशातून लिंबू आणायचं नाही, मग आपल्याच थंड प्रदेशात पिकवायचं. त्यासाठी जमिनीत लांब चर खणायचे, झाड चरात लावायचं, हिवाळ्यात वरून काच किंवा फळ्या, त्यावर गवताच्या चटया. गार्डाची भिंत वर चढली होती, ही खाली उतरली. तत्त्व एकच, माती खोल गेलं की फार गार होत नाही. ताजिकिस्तान-उझबेकिस्तानात अशी खंदकातली लिंबं अजूनही निघतात. तिथे रुजलेल्या जातीचं मूळ मेयर लिंबू. १९०८ मध्ये फ्रँक मेयर या अमेरिकी सरकारच्या वनस्पती-संग्राहकाने ते चीनमधून, पेकिंगजवळून आणलं. तिथे ते शोभेचं म्हणून कुंडीत लावत आणि हिवाळ्यात आत घेत. म्हणजे थंडीतलं लिंबू घरात घ्यायचं, हे शहाणपण चीनमध्ये आधीपासून होतंच.

कंपनीच्या कामासाठी मी काही महिने म्युनिकला होतो, तेव्हा एका शनिवारी ब्रेनरच्या बाजूने खाली उतरून लिमोनेला जाऊन आलो. आता तिथे रस्ता आहे. सरोवराच्या काठाने कडे फोडून काढलेला तो १९३१ मध्ये सुरू झाला. त्याआधी होडी किंवा डोंगरवाट. रस्ता लिंबांसाठी उशिरा आला, पर्यटकांसाठी वेळेवर. गावात सगळीकडे लिंबू आहे, साबणावर, टॉवेलवर, घरांच्या नंबरांच्या फरशीवर.

वरच्या अंगाला अठराव्या शतकातली एक लिमोनाइया नगरपालिकेने १९९५ मध्ये विकत घेतली, दुरुस्त केली आणि २००४ पासून तिकीट लावून उघडली आहे. दगडी पाट आहेत, कासेल आहे, खांबांमध्ये झाडं लावली आहेत. विक्रीसाठी नाही, दाखवायला. हिवाळ्यात ती अजूनही झाकावी लागते. लिंबू बघायला येणाऱ्यांसाठी झाड जगायला हवं, आणि झाडाला २००४ आणि १७०४ मधला फरक कळत नाही.

मी गेलो तो मार्चचा शेवट होता. खालच्या पायरीवरची झाडं उघड्यावर होती, वरची अजून झाकलेली. दोन माणसं वाशांवर होती. एक फळी सोडवून खाली देत होता, दुसरा ती भिंतीला टेकवून ठेवत होता. प्रत्येक फळीच्या कोपऱ्यावर खडूने आकडा लिहिलेला होता, म्हणजे नोव्हेंबरात ती त्याच जागी परत बसेल.